धाप आणि धास्ती

छातीविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला आधी एका नळीत फुंकायला लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जीव खाऊन बाहेर सोडायचा. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण बाहेर पडलेली हवा यांचं गुणोत्तर औषध दिल्यावरही ०.७च्या खाली राहिलं, की कागदावर ‘सीओपीडी’ हे निदान येतं. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात, फुफ्फुसांतल्या हवेच्या पिशव्या झिजलेल्या असतात. मग पंप कसा ओढायचा ते दाखवलं जातं, विडी-सिगारेट बंद करा असं बजावलं जातं आणि पुढची तारीख मिळते. या साऱ्या भेटीत मनाविषयी सहसा एकही प्रश्न येत नाही. रात्री झोपायची भीती वाटते का, धाप लागेल म्हणून बाहेर जाणं सोडलंत का, कशात जीव रमतो का, हे कोणी विचारत नाही. गर्दीत विचारायला वेळ नसतो, हे खरं. पण गेल्या तीसेक वर्षांतलं या विषयावरचं संशोधन वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की हे प्रश्न वगळून केलेला फुफ्फुसांचा उपचार अर्धाच राहतो.

हा आजार आपल्याकडे किती पसरला आहे, ते आधी पाहू. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत तो २०१६ साली ३२ टक्के होता. १९९० साली देशात सीओपीडीचे २.८ कोटी रुग्ण होते. २०१६ साली ते साडेपाच कोटींवर गेले. आणि हे सगळे सिगारेट ओढणारे नाहीत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नाही. भारतात या आजाराच्या ओझ्यापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा आणि २५.४ टक्के तंबाखूचा, असा २०१६चा हिशेब आहे. या प्रदूषणात घरातला चुलीचा धूरही आला.

त्यामुळे आपल्याकडचा फुफ्फुसाचा रुग्ण म्हणजे फक्त खोकणारा विडीवाला म्हातारा नव्हे. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापलेली बाई त्यात आहे. गिरणीत कापसाची धूळ छातीत घेतलेला कामगार, क्रशरवर खडी फोडणारा मजूर त्यात आहे. क्षयाचा कोर्स पूर्ण करून ‘बरा झालास’ असं ऐकलेला, पण फुफ्फुसांवरचे व्रण आणि धाप घेऊन जगणारा तरुणही त्यात आहे. यातल्या प्रत्येकाची उदासी वेगळी असते, आणि म्हणूनच परदेशी आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. तरीही ते पाहायला हवेत, कारण मोजमापाचं काम मुख्यतः तिकडेच झालं.

अनेक देशांत मिळून झालेल्या ‘एक्लिप्स’ या मोठ्या अभ्यासात दोन हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांना नैराश्याची प्रश्नावली दिली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातल्या २६ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. सीओपीडी नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत ७ टक्के होतं. म्हणजे तंबाखूपलीकडे आजाराचाच काही वाटा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या २००५च्या अभ्यासात सविस्तर मुलाखत घेतलेल्या २०४ सीओपीडी रुग्णांपैकी ६५ टक्क्यांना चिंताविकार, नैराश्य किंवा दोन्ही असल्याचं निदान झालं. त्यांच्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांवर त्यासाठी उपचार चालू होते, तेही एका सुसज्ज रुग्णालयात.

दोन अभ्यासांतले आकडे इतके वेगळे का? एक कारण मोजण्याच्या पद्धतीचं आहे. थकवा, झोप न लागणं, भूक मरणं, कामाचा उरक कमी होणं ही नैराश्याची लक्षणं. आणि हीच खराब फुफ्फुसाचीही. सगळी मोजली, तर प्रत्येक रुग्ण निराश ठरतो. कोणतीच मोजली नाहीत, तर खरा निराश माणूस हातून सुटतो. ही अडचण ओळखून झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली शारीरिक लक्षणं वगळून एक प्रश्नावली तयार केली आणि छातीविकारांच्या अभ्यासात तीच सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात मुख्य भर आनंद हरवण्यावर आहे. पूर्वी ज्या गोष्टींत मन रमायचं, त्यांत आजही रमतं का? माझ्या मते दारातच उभ्या असलेल्या घाईतल्या डॉक्टरनं विचारावा असा एकच प्रश्न निवडायचा झाला, तर तो हाच. नातवाला मांडीवर घेतल्यावर धाप लागते म्हणून आजी त्याला घेत नाहीत, हा फुफ्फुसाचा भाग. तो समोर खेळतोय आणि त्यांना काहीच वाटत नाही, हा नैराश्याचा.

धास्तीचं कोडं आणखी गुंतागुंतीचं आहे, कारण ती शरीरातूनच उगवते. अरुंद श्वासनलिकेतून हवा आत जायला फारशी अडत नाही. बाहेर पडायला तिला वेळ लागतो. माणूस शांत असेल तर तेवढा वेळ मिळतो. जिना चढताना किंवा भीतीनं श्वास जलद झाला, की मागची हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो. हवा आत साठत जाते, छाती फुगते, श्वासपटल सपाट होऊन त्याची ताकद घटते. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतावं, तसा नवा श्वास आत शिरायला जागाच उरत नाही. ‘मला श्वास घेता येत नाहीये’ असं रुग्ण सांगतो, तेव्हा मुळात अडलेलं असतं ते श्वास सोडणं. ते त्याला माहीत नसतं. तो आणखी जोरात, आणखी भराभर ओढायला लागतो. हृदय धडधडतं, घाम सुटतो, हातापायांना कापरं भरतं, आता आपण मरणार असं वाटतं. त्या भीतीनं श्वास आणखी जलद होतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली मांडलं होतं, की मेंदूत गुदमरल्याचा इशारा देणारी एक व्यवस्था असते आणि पॅनिकच्या झटक्यात ती विनाकारण, खोटाच इशारा देते. धडधाकट माणसाबाबत हे पटण्यासारखं आहे. सीओपीडीच्या रुग्णात मात्र तो इशारा निखालस खोटा नसतो. त्याला खरंच कमी हवा मिळत असते. म्हणून ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत’ असं त्याला सांगणं क्रूर आहे, आणि चुकीचंही. उलट ‘हा फुफ्फुसाचाच त्रास, मनाचा काही संबंध नाही’ असं म्हणून नेब्युलायझर लावून घरी पाठवणंही तितकंच अपुरं, कारण पुढच्या आठवड्यात तो मध्यरात्री पुन्हा कॅज्युअल्टीत येतो. केंब्रिजच्या धापेवरील खास सेवेत सारा बूथ, ॲना स्पाथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी तीन चक्रं मांडली: श्वासाचं, विचारांचं आणि हालचालीचं. तिन्ही एकमेकांना गती देतात. कोणतंही एक सैल केलं, तरी बाकीची मंदावतात. डॉक्टरनं रुग्णाला समोर बसवून हे चित्र काढून दाखवावं, इतकं ते साधं आणि उपयोगी आहे.

तिसऱ्या चक्राबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण घरोघरी तेच दिसतं आणि ते प्रेमातून येतं. धाप लागते म्हणून माणूस आधी चढ टाळतो, मग बाजार, मग देऊळ, मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाणं. घरचे म्हणतात, ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ ‘आई, तू उठू नकोस.’ सगळे चांगल्या मनानं बोलतात. पण न वापरलेले मांडीचे स्नायू झिजतात, आणि दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो. सहा महिन्यांनी न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. फुफ्फुसाची क्षमता तेवढीच असते. जगणं मात्र पलंगाएवढं आकसलेलं असतं. उदासी इथेच घर करते. ज्या बाईचा घरातला सारा मान तिच्या हातच्या कामावर उभा होता, तिच्या बाबतीत हे फार लवकर होतं. इटलीतल्या एका अभ्यासातही सीओपीडी झालेल्या स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा चिंता आणि नैराश्य जास्त आढळलं होतं. आपल्याकडे तर घराला जेवू घातलं त्या चुलीनंच तिचा श्वास खाल्ला, आणि त्याची दखलही कोणी घेतली नाही. विडी ओढणाऱ्याच्या वाट्याला वेगळं दुःख येतं. ‘स्वतःच्या हातानं ओढवून घेतलंस’ हे वाक्य तो घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत इतक्यांदा ऐकतो, की आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही असं त्याला वाटू लागतं. त्यात चारचौघांत खोकला आला, की लोक सरकून बसतात. लग्नाकार्याला जाणं बंद होतं ते धापेमुळे कमी आणि त्या नजरांमुळे जास्त.

मन खचलं तर खचलं, आजार तर फुफ्फुसाचा आहे, असं कोणी म्हणेल. पण तसं नाही. सिंगापूरमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ३७६ सीओपीडी रुग्णांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट निघाला, त्यांचा रुग्णालयातला मुक्काम लांबला, आणि सहा महिन्यांनीही विडी-सिगारेट न सुटण्याचं प्रमाण त्यांच्यातच जास्त होतं. बीजिंगमधल्या ४९१ रुग्णांच्या २००८च्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांचा आजार अधिक वेळा बळावला, त्यांना अधिक वेळा भरती व्हावं लागलं. पुढे अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा संबंध दोन्ही दिशांनी असल्याचं दिसलं. कारणं समजायला अवघड नाहीत. ज्याला उद्याची ओढच उरली नाही, तो सकाळचा पंप का ओढेल? व्यायाम का करेल, लस का घेईल? ज्यांच्या रक्तातला प्राणवायू फार खाली गेला आहे, त्यांना रोज १५ तासांहून अधिक प्राणवायू दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८०-८१च्या दोन चाचण्यांत सिद्ध झालं आहे. पण एवढा वेळ नाकाला नळी लावून बसायला फार मोठी इच्छाशक्ती लागते.

औषधांचाही एक उपद्रव इथे नोंदवायला हवा. साल्ब्युटामॉलच्या पंपानं हात थरथरतात, छातीत धडधडतं. रुग्णाला ही भीतीचीच चाहूल वाटते आणि तो पंप पुन्हा ओढतो. थिओफिलिन जास्त झालं तर बेचैनी आणि निद्रानाश होतो. आजार बळावल्यावर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाला अति उत्साही करतात, कुणाला उदास. माँटेलुकास्ट हे आपल्याकडे सर्दीलाही सर्रास लिहून दिलं जाणारं औषध. त्याच्या मनावरच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापायला लावला. यातलं कोणतंही औषध आपल्या मनानं बंद करू नये. पण मनःस्थिती बदलल्याचं लक्षात आलं, तर औषधांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवून हा प्रश्न जरूर विचारावा.

आता उपचार. लोकांची अपेक्षा गोळीची असते, म्हणून आधी गोळीबद्दल. नैराश्यावरची औषधं सीओपीडीच्या रुग्णांत किती लागू पडतात, याची वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१८ साली छाननी केली, तेव्हा हाती फक्त चार चाचण्या आणि २०१ रुग्ण लागले. तेवढ्यावर ठाम काही म्हणता येत नाही. तीव्र नैराश्य असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधं घ्यायलाच हवीत. फुफ्फुसाचा आजार आहे म्हणून ती नाकारू नयेत. पण धापेवर उपाय म्हणून ती वापरण्यात अर्थ नाही. मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या औषधाची युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या २२५ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४च्या तिच्या निष्कर्षांत धाप कमी झाली नाही, त्रास मात्र वाढला. सगळ्यांत जपायला हवं ते अल्प्राझोलामसारख्या ‘झोपेच्या’ गोळ्यांपासून. आपल्याकडे त्या सहज लिहिल्या जातात आणि ओळखीच्या दुकानात तितक्याच सहज मिळतात. त्या श्वसनाची प्रेरणाच मंदावू शकतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वयस्क सीओपीडी रुग्णांच्या नोंदींत अशा गोळ्या नव्यानं सुरू झालेल्यांत आजार बळावण्याचं आणि तातडीनं रुग्णालय गाठण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

ज्या उपायाच्या पाठीशी सर्वांत भक्कम पुरावा उभा आहे, तो गोळी नाही. तो आहे फुफ्फुस पुनर्वसन: आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण सहा ते बारा आठवडे, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, पायांचे आणि हातांचे व्यायाम, श्वास सोडण्याचं तंत्र, पंपाचा योग्य वापर आणि आजाराची समज. २०१५ साली कॉक्रेननं ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्णांचा आढावा घेऊन सांगितलं, की यानं धाप कमी होते, चालणं वाढतं, जगण्याचा दर्जा सुधारतो. पुरावा इतका पुरेसा होता, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असं म्हणून तो आढावाच बंद करण्यात आला. वैद्यकात असं क्वचित घडतं. पुढे २०१९ साली ११ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात याच पुनर्वसनानं चिंता आणि नैराश्य दोन्ही ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं.

चालण्यानं मन का सुधारतं? स्नायू सुधारतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला कमी श्वास लागतो, हे एक. पण मला वाटतं त्याहून मोठं काहीतरी त्या खोलीत घडतं. रुग्ण मुद्दाम धाप लागेपर्यंत चालतो, शेजारी कोणी जाणतं उभं असतं, आणि दोन मिनिटांत धाप बसते. ‘लागली, पण काही झालं नाही’ हा अनुभव तो पुन्हा पुन्हा घेतो. कितीही समजावून सांगितलं तरी जी भीती जात नाही, ती अशी अंगानं शिकून जाते. सोबत आपल्यासारखेच आठ-दहा जण असतात. बऱ्याच जणांना हा आजार असलेला दुसरा माणूस पहिल्यांदाच तिथे भेटतो.

नुसत्या बोलण्यानं काय होतं, याची उत्तरं संमिश्र आहेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये फुफ्फुसाच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या नर्सनाच विचार-वर्तन उपचार शिकवले गेले. २७९ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले: माहितीपत्रकं दिलेल्यांपेक्षा नर्सशी बोललेल्यांची चिंता जास्त कमी झाली, रुग्णालयाचे फेरे घटले आणि खर्चही वाचला. पण २०२३ साली ‘टँडेम’ ही ब्रिटनमधलीच ४२३ रुग्णांची चाचणी जाहीर झाली. तिच्यात पुनर्वसनाच्या आधी असंच समुपदेशन जोडूनही सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांत काहीच फरक पडला नाही. मी याचा अर्थ असा लावतो, की बोलणं सरसकट सगळ्यांना पुरवण्यापेक्षा ज्याची भीती खरोखर मोठी आहे त्याला द्यावं, आणि ते त्याच्या श्वासाशी, रात्रीच्या झटक्याशी, जिन्याशी बांधलेलं असावं.

घरी करता येण्याजोग्या दोन गोष्टी इथे सांगतो. धाप लागली की पुढे झुकून, कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकून बसावं आणि ओठांचा चंबू करून, मेणबत्ती न विझवता तिची ज्योत हलवावी इतक्या हळू श्वास सोडावा. घेण्यापेक्षा सोडण्याला दुप्पट वेळ द्यावा. यानं नलिका उघड्या राहतात आणि साठलेली हवा निघते. दुसरी गोष्ट हातपंख्याची. चेहऱ्यावर, नाक-ओठांच्या आसपास गार वारा घेतल्यानं धापेची जाणीव कमी होते. केंब्रिजमध्ये ५० रुग्णांना छोटा पंखा चेहऱ्यावर आणि पायावर धरायला लावून २०१० साली हे तपासलं गेलं होतं. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि वीज गेली तरी चालतो. घरात ऑक्सिजन काँसन्ट्रेटर असलेल्यांना वीज जाण्याची केवढी धास्ती असते, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला याचं मोल कळेल. आणि जगणं नको असं कोणी बोलून दाखवलं, तर ते ऐकून सोडून देऊ नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

खरा प्रश्न पुरवठ्याचा आहे. पुनर्वसनाची केंद्रं मोजकी आणि मोठ्या शहरांत. आठवड्यातून तीनदा एसटीनं येणं धापेच्या माणसाला झेपत नाही. मनोविकारतज्ज्ञ त्याहून विरळ. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत. पण या दोन्ही अडचणींवरचे मार्ग तपासून झाले आहेत. मेलबर्नमध्ये ॲन हॉलंड यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं, की घरी एक भेट आणि नंतर आठवड्याला एक फोन एवढ्यावर चालवलेलं पुनर्वसन रुग्णालयातल्या पुनर्वसनाच्या तोडीचं ठरतं. आणि मनाच्या बाजूचं काम तर आपल्या गोव्यात झालं. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या चमूनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. ४९५ रुग्णांची ही चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, तीन महिन्यांनी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या सुधारित नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. त्या उपचाराचा गाभा एवढाच, की सोडून दिलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या. फुफ्फुस पुनर्वसनही तेच करायला लावतं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत अशाच पद्धतीच्या ‘विश्राम’ प्रकल्पानं नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेलं. गावात उपचार पोचला, तर लोक तो घेतात.

नवं काही उभारायची गरज आहे का? आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो जोखीम-तपासणीचा अर्ज भरतात, तो एकदा नीट पाहावा. त्यात दम लागतो का, हे विचारलेलं आहे. ‘क’ भागात स्वयंपाकाला लाकूड, गोवऱ्या की गॅस, कामाच्या जागी धूर-धूळ आहे का, हे सीओपीडीच्या जोखमीचे प्रश्न आहेत. त्याच्या लगेच खालच्या ‘ड’ भागात गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, उदास वाटलं का, हे नैराश्याचे दोन प्रश्न आहेत. एकाच बाईची दोन्ही उत्तरं एकाच कागदावर येतात. पुढे मात्र एक उत्तर एका रजिस्टरला जातं, दुसरं दुसऱ्याला. दोन्ही भागांत जोखीम दिसलेल्या व्यक्तींची एक वेगळी यादी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं ठेवावी. त्यांना नळीत फुंकायच्या तपासणीसाठी आणि मनोविकारांच्या तपासणीसाठी तालुक्याला एकाच दिवशी पाठवावं. सहा मिनिटांत माणूस किती चालतो हे मोजायला ३० मीटरची सपाट जागा, दोन खुणा, घड्याळ आणि बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र पुरतं, आणि उपकेंद्राच्या अंगणात एवढी जागा निघते. तिथून घरी रोज किती चालायचं ते ठरवून द्यावं, आठवड्याला एक फोन करावा, आणि त्या फोनवर किती पावलं चाललात याच्या जोडीनं ‘आजी, झोप लागली का? भीती वाटली का?’ हेही विचारावं.